खंबाटकी घाटात इंजिन तापते, कूलंटही कमी होते

प्रश्न: माझ्या २००५ सालच्या पेट्रोल गाडीत दर आठवड्याला कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) घालावे लागते आणि घाट चढताना काटा लाल रेषेला टेकतो, पण गाडीखाली एक थेंबही दिसत नाही. हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांमधले सील) गेले असेल का?

उत्तर १: लगेच हेड उघडू नका. इंजिन पूर्ण थंड असताना, रेडिएटरच्या झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा हातपंपाने रेडिएटरमध्ये भरून पाहा. दाब उतरला, तर वॉटर पंप, होजच्या क्लिपा आणि डॅशबोर्डखालची मॅट तपासा, कारण बारीक गळती तापलेल्या इंजिनावरच सुकून जाते. झाकणाचे रबरही बघा. स्वस्तातला दोष तोच असतो.

उत्तर २: सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल किंवा ऑइलवर दुधी साय दिसत असेल, तर गॅस्केटचा संशय घ्यावा.

प्रश्नकर्ता: मॅट चिकट, ओली निघाली. हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा, गाडीच्या आत गरम हवा देणारा छोटा रेडिएटर) गळत होता.