हिवाळ्यात उलणारे हात: आपापले अनुभव सविस्तर लिहा

थंडीच्या दिवसांत हात राठ होणे, बोटांची पेरे उलणे, अंगठ्याच्या टोकाशी भेग पडून ती प्रत्येक स्पर्शाला झोंबणे, हा त्रास ज्यांना दरवर्षी होतो त्यांनी आपला अनुभव येथे लिहावा, ही विनंती. केवळ मलमाचे नाव न सांगता आपले हात दिवसभर कोणत्या कामात असतात, भेग नेमकी कुठे पडते आणि मलम केव्हा व किती लावल्यावर फरक जाणवला, हेही नोंदवावे. एकाच मलमाने एकाचे हात मऊ होतात आणि दुसऱ्याचे तसेच राहतात, याचे उत्तर बहुधा याच तपशिलांत असते.

प्रारंभ मी करते. माझ्या भेगा अंगठ्याच्या नखालगत आणि तर्जनीच्या पेरावर पडतात. त्वचेचा सर्वांत वरचा थर चपट्या, निर्जीव पेशींचा असतो आणि त्या पेशींच्या मधल्या जागा सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले अशा स्निग्ध पदार्थांनी भरलेल्या असतात. थंड हवेत बाष्प मुळातच कमी मावते, तीच हवा घरात तापवली की आणखी कोरडी होते आणि हातांतले पाणी ओढून घेते. पाणी कमी झाले की या थराची लवचीकता जाते, आणि जिथे बोट वारंवार वाकते तिथे तो फाटतो. त्यातच तळहाताला तेलाच्या ग्रंथी नसतात, त्यामुळे चेहऱ्याला आतून जे तेल मिळते ते तळहाताला कधीच मिळत नाही. हे समजल्यापासून मी वेळेला महत्त्व देते. कोमट पाण्याने हात धुऊन ते न घासता टिपून घेते आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच मलम लावते, म्हणजे ती ओल आतच राहते. मलमाची नळी मी न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात, दोन्हीकडे नळाशेजारीच ठेवते. ती उठून आणावी लागली, तर मलम लावायचे राहून जाते.

रुग्णालयात काम करणारी एक परिचारिका

हात कमी वेळा धुवा, हा सल्ला आमच्या कामात पाळता येत नाही. व्यावसायिक आरोग्याच्या क्षेत्रात दिवसाला 2 तासांहून अधिक वेळ ओल्या हातांनी काम करणे किंवा 20 हून अधिक वेळा हात धुणे हे त्वचेला धोक्याचे मानले जाते, आणि आमच्यापैकी अनेकींची ही मर्यादा कामाची पाळी संपण्याच्या पुष्कळ आधी ओलांडली जाते. निरोगी त्वचेचा सामू साधारणतः 5 च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो, तर नेहमीच्या साबणाचा 9 ते 10 असतो. साबण मळाबरोबर पेशींमधली स्निग्धताही धुऊन नेतो.

हात दिसण्याइतपत मळलेले नसतील, तेव्हा ग्लिसरीन असलेले अल्कोहोलचे द्रावण त्वचेला साबणापेक्षा सौम्य पडते, ही गोष्ट नव्याने रुजू होणाऱ्या मुलींना पटत नाही. ते भेगेवर चुरचुरते, म्हणून त्या ते टाळतात आणि पुन्हा साबणाकडे वळतात. चुरचुरणे हे त्वचा आधीच फाटली असल्याचे लक्षण असते, आणि साबण तर त्या फाटलेल्या त्वचेची आणखी हानी करतो. (काही आजारांचे जंतू अल्कोहोलने मरत नाहीत, तिथे साबण आणि पाणीच लागते, हा नियम अर्थातच कायम राहतो.)

हातमोज्यांविषयीही लिहिते. हात पूर्ण कोरडे झाल्याशिवाय मी मोजे चढवत नाही, कारण आत कोंडलेला ओलावा आणि घाम त्वचेला मऊ करून तिची झीज वाढवतात. पेट्रोलियम जेलीने लेटेक्सचे मोजे कमकुवत होऊन फाटू शकतात, म्हणून कामावर पाण्याचे प्रमाण अधिक असलेले, लवकर मुरणारे क्रीम वापरते आणि जेली घरी, झोपण्यापूर्वी लावते. रात्री जेलीवर सुती मोजे घालून झोपले की सकाळी तळहाताची आग निश्चितपणे कमी झालेली असते. भेगा भरल्यानंतरही मी हा क्रम मोडत नाही. त्वचा वरून गुळगुळीत दिसू लागली, तरी तिचा संरक्षक थर आतून सावरायला त्याहून बराच अधिक काळ घेतो.

मातीची भांडी घडवणारे एक कारागीर

ओल्या मातीत हात असले तरी ते कोरडेच पडतात, कारण माती वाळताना त्वचेतली ओलही ओढून घेते. माझ्या भेगा बोटांच्या टोकांना, घट्टे पडलेल्या जागी होतात आणि त्यांच्या कडा जाड होतात. अशा जाड कडा एकमेकींना मिळत नाहीत, म्हणून हात थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवून त्या कडा मी बारीक कानशीने अगदी हलक्या हाताने उतरवतो, भेगेत पेट्रोलियम जेली भरतो आणि वरून चिकटपट्टी लावतो. पट्टीमुळे बोट वाकताना भेग पुन्हा ताणली जात नाही आणि दुखणे त्याच दिवशी सुसह्य होते. युरिया असलेले मलम घट्टा मऊ करण्यासाठी फार गुणकारी आहे, परंतु उघड्या भेगेवर ते तीव्र झोंबते. म्हणून आधी जेलीने भेग मिटू द्यावी आणि मगच 10 टक्के युरियाच्या मलमाकडे वळावे, हा क्रम मी काटेकोरपणे पाळतो.

जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात काम करणाऱ्या एक बाई

कागद हाताची स्निग्धता शोषून घेतो, आणि हाताला स्निग्ध मलम असेल तर कागदावर डाग पडतो. त्यामुळे मला दिवसा जवळजवळ काहीच लावता येत नाही. माझा सारा भर रात्रीवर आहे, आणि कामाची वेळ संपताच पहिले मलम लावण्यावर.

सुगंधाची व परिरक्षकाची ॲलर्जी असलेले एक गृहस्थ

माझ्या अनुभवाकडे विशेष लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते, कारण माझा त्रास बरीच वर्षे हिवाळ्याच्या नावावर खपत होता. भेगांबरोबर खाज येई, बोटांच्या बेचक्यांत पाण्याने भरलेले बारीक फोड उठत आणि थंडी सरली तरी हात पूर्ववत होत नसत. त्वचारोगतज्ज्ञांनी पॅच चाचणी सुचवली. या चाचणीत संशयित पदार्थांच्या लहान पट्ट्या पाठीवर चिकटवून 48 तास ठेवतात, त्या काढल्यावर एकदा त्वचा पाहतात आणि पुढच्या एकदोन दिवसांत पुन्हा पाहतात, कारण अशी प्रतिक्रिया उशिरा उमटते. माझ्या बाबतीत सुगंधी द्रव्ये आणि मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे परिरक्षक (प्रसाधन खराब होऊ नये म्हणून त्यात घालतात तो पदार्थ), या दोहोंची ॲलर्जी निघाली. या परिरक्षकामुळे इतक्या जणांना त्रास झाला की युरोपीय संघाने त्वचेवर लावून ठेवण्याच्या प्रसाधनांत त्याचा वापर 2017 पासून बंद केला. धुऊन टाकण्याच्या प्रसाधनांत मात्र ते अल्प प्रमाणात चालते, म्हणून द्रवरूप साबणावरील घटकांची यादीही मी वाचतो.

तेव्हापासून माझा आधार साधी पेट्रोलियम जेली आहे. तिच्यात पाणी नसल्यामुळे परिरक्षकाची गरज पडत नाही आणि ॲलर्जीची शक्यता अत्यल्प राहते. ती चिकट असते, कपड्यांना लागते, हे खरे आहे. तरीही त्वचेतून उडून जाणारे पाणी तिच्याइतके प्रभावीपणे रोखणारे पदार्थ थोडेच आहेत.

वरील अनुभवास जोडून, एक शिक्षिका

माझा एकच हात कोरडा पडत होता. तळहाताच्या रेषांत पांढरट कोंडा साठलेला दिसे आणि कोणत्याही क्रीमने फरक पडत नव्हता. डॉक्टरांनी लगेच पावले दाखवायला सांगितली, कारण बुरशीचा संसर्ग अनेकदा दोन्ही पावलांना आणि एकाच हाताला होतो. त्वचेचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा बुरशी आढळली आणि तिच्यावरील औषधाने हात बरा झाला. एकाच हाताला त्रास असेल, तर स्टेरॉइडचे मलम स्वतःच्या मनाने लावू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्याने खाज तात्पुरती शमते आणि बुरशी मात्र पसरत राहते.

वृद्ध वडिलांची काळजी घेणारा एक मुलगा

वडिलांना मधुमेह आहे. त्यांची त्वचा वयाने पातळ झाली आहे आणि बोटांची संवेदना मंदावली आहे, त्यामुळे भेग पडली तरी ते सांगत नाहीत. रोज रात्री मीच त्यांचे हात दिव्याखाली पाहतो. भेगेभोवती लाली पसरणे, ती जागा गरम लागणे, सूज किंवा पू दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर घरगुती उपायांवर न थांबता त्यांना डॉक्टरांकडे नेतो. प्रमाणाविषयी त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलेले माप फार उपयोगी पडले: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळीतून काढलेली मलमाची रेघ सुमारे 0.5 ग्रॅम भरते आणि ती एका हाताच्या दोन्ही बाजूंना पुरते. वडील अंथरुणावर टेकल्यानंतरच मी मलम लावतो, कारण निसरड्या हातातून काठी सुटण्याची भीती असते.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. पॅराफिन किंवा तेल असलेले मलम सुती मोज्यांत आणि चादरीत मुरत जाते आणि असे कापड आगीशी आले तर फार वेगाने पेटते. धुतल्यानेही मलमाचा अंश पूर्णपणे निघत नाही. वडील पहाटे उठून स्वतः शेगडी पेटवतात, म्हणून ते उठताच त्यांचे मोजे मी काढून घेतो.