अनुभव धागा: आधी जीपीएस कॉम्प्युटर घ्यावा की हार्ट रेट मॉनिटर?

धाग्याचे निवेदन

सोलापुरात पहाटे होटगी रस्त्यावर, विजापूर रस्त्यावर किंवा तुळजापूरच्या दिशेने सायकल घेऊन निघणारे आता बरेच दिसतात. सायकल अंगवळणी पडली की त्यांतल्या बहुतेकांपुढे एकच प्रश्न उभा राहतो: हँडलवर बसवायचा जीपीएस कॉम्प्युटर आधी घ्यावा, की छातीला बांधायचा हार्ट रेट मॉनिटर? दोन्ही एकदम घेणे ज्यांना परवडते त्यांच्यासाठी हा धागा नाही. ज्यांना यंदा एक आणि जमल्यास पुढच्या दिवाळीला दुसरे घ्यायचे आहे, त्यांना इतरांच्या अनुभवाचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू आहे.

जीपीएस कॉम्प्युटर उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांवरून आपले स्थान ठरवतो आणि त्यातून अंतर, वेग व रस्त्याचा माग काढतो. बऱ्याच यंत्रांत हवेच्या दाबावरून उंची मोजणारा बॅरोमीटरही असतो, आणि नुसत्या उपग्रहांवरून काढलेल्या उंचीपेक्षा चढउतार मोजण्यासाठी तो अधिक भरवशाचा ठरतो. छातीचा पट्टा हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासोबत निर्माण होणारा विद्युत संकेत त्वचेवरून टिपतो. म्हणजे एक यंत्र रस्त्याविषयी सांगते आणि दुसरे चालवणाऱ्याविषयी.

माझे मत आधीच सांगतो, म्हणजे आक्षेप घेणे सोपे जाईल. आपल्याकडचे रस्ते सपाट आणि उघडे आहेत, आणि पावसाळ्याचे महिने पश्चिमेचा वारा पडत नाही. मंगळवेढा रस्त्याने कामतीकडे जाताना ताशी 18 किलोमीटरलाही दम लागतो आणि परतताना तेवढ्याच मेहनतीत वेग 28 च्या पुढे जातो. अशा ठिकाणी वेगाच्या आकड्यावरून आपण किती श्रम केले हे ठरवता येत नाही. म्हणून इथल्या बहुतेकांनी पट्टा आधी घ्यावा, असे मला वाटते. कृपया कोणत्या रस्त्यावर, कोणत्या ऋतूत आणि कशासाठी सायकल चालवता ते लिहावे. यंत्राच्या खोक्यावर छापलेली वैशिष्ट्ये इथे पुन्हा उतरवू नयेत.

रेल्वे लाईन्स परिसर, वय 63

मी निवृत्तीनंतर सायकलकडे वळलो. घरापासून कंबर तलावापर्यंत आणि उत्साह असेल तर विजापूर रस्त्याने थोडे पुढे, हा माझा नेम आहे. हा रस्ता मला तोंडपाठ आहे, त्यामुळे मी कुठे आहे हे सांगणारे यंत्र मला नको होते. मी छातीचा पट्टा घेतला तो रक्तदाबामुळे.

इथे एक गोष्ट माझ्या वयाच्या वाचकांनी नीट लक्षात घ्यावी. 220 मधून वय वजा केले की हृदयगतीची कमाल मर्यादा मिळते, असे सगळीकडे सांगितले जाते. त्या हिशेबाने माझी मर्यादा 157 येते. 2001 साली सुचवलेल्या दुसऱ्या सूत्राने, म्हणजे वयाची 0.7 पट 208 मधून वजा केल्यास, ती 164 च्या आसपास जाते. ही दोन्ही सूत्रे मोठ्या समूहाची सरासरी सांगतात, आणि एकेका माणसाची खरी कमाल त्यापासून दहा-बारा ठोक्यांनी इकडे-तिकडे असणे अगदी सामान्य आहे. त्यातून मी घेतो ती गोळी बीटा ब्लॉकर वर्गातील आहे. ती हृदयाची गती फारशी वाढू देत नाही, त्यामुळे माझ्यासाठी दोन्ही सूत्रे निरुपयोगी आहेत. माझ्या हृदयरोगतज्ज्ञांनी गोळी चालू असतानाच टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून घेतात ती हृदयाची चाचणी, केली आणि तिच्यावरून मला माझा आकडा दिला. तो आकडा मी मोबाईलच्या ॲपमध्ये भरून ठेवला आहे. तो ओलांडला की मोबाईल आवाज करतो आणि मी मागचे गिअर सैल करतो.

याशिवाय डॉक्टरांनी दिलेली बिनखर्चाची कसोटी अशी आहे की, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येत असेल तर श्रम बेताचे आहेत, आणि दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर ते जास्त आहेत. पट्टा नसलेल्या दिवशी मी त्यावरच चालतो. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पट्टा बांधू नये.

बार्शी रस्ता, ब्रेव्हे करणारी सायकलस्वार

माझा अनुभव धागाकर्त्या दादांच्या मताच्या विरुद्ध जाणारा आहे. मी ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करते. त्यात 200 किलोमीटरसाठी साडेतेरा तास, 300 साठी 20 तास आणि 400 साठी 27 तास मिळतात. जेवण, पंक्चर आणि झोप हे सगळे त्यातच धरलेले असते. 200 किलोमीटरला थांबे धरून ताशी सरासरी 15 च्या जरा खाली येते. आकडा किरकोळ वाटतो, परंतु दुपारी एका धाब्यावर पाऊण तास गेला की पुढचे सगळे गणित बदलते.

म्हणूनच जीपीएस कॉम्प्युटर घेतल्यावर मी सर्वांत आधी त्यातील 'ऑटो पॉज' बंद केले. ही सोय चालू असेल तर आपण थांबलो की यंत्राचे घड्याळही थांबते. सरासरी वेग मग देखणा दिसतो, पण ब्रेव्हेचे घड्याळ चालूच असते. माझ्या पडद्यावर तीनच गोष्टी मोठ्या अक्षरात असतात: एकूण गेलेला वेळ, झालेले अंतर आणि पुढचे वळण. बाकीचे आकडे दुसऱ्या पानावर असतात, आणि ते मी घरी आल्यावर पाहते.

रात्री वैरागच्या पुढे किंवा आडवाटेच्या एखाद्या फाट्यावर, जिथे नावाची पाटी नाही आणि विचारायला माणूसही नाही, तिथे आधीच भरून ठेवलेला मार्ग सोडताच यंत्र टुण् करते. त्या एका आवाजासाठी मी पैसे मोजले, असे म्हटले तरी चालेल. मोबाईलवर हे होत नाही का, असे अनेक जण विचारतात. होते, पण मार्च ते मे या काळात आपल्याकडच्या उन्हात पडदा सतत चालू ठेवलेला मोबाईल तापतो, स्वतःच उजेड कमी करतो आणि तापलेला असताना चार्जिंगही नीट घेत नाही. सायकल कॉम्प्युटरचा पडदा बहुधा बाहेरचा प्रकाश परावर्तित करणाऱ्या प्रकारचा असतो, त्यामुळे ऊन जितके कडक तितका तो स्पष्ट वाचता येतो.

तुळजापूरच्या घाटाविषयीही लिहिते. तामलवाडी मागे पडून चढ सुरू झाला की कॉम्प्युटर चढाची टक्केवारी दाखवतो आणि गिअर कधी बदलायचा ते मला कळते. हृदयाचा आकडा तिथे उशिरा पोहोचतो, कारण श्रम वाढल्यानंतर ठोके स्थिर व्हायला अर्धा-एक मिनिट सहज जाते. छोटा चढ तेवढ्यात अर्धा होऊन जातो. जाता जाता एक सूचना: कोजागरीच्या सुमारास हा रस्ता पायी आणि अनवाणी निघालेल्या भाविकांनी भरलेला असतो. त्या दिवसांत या बाजूला सायकल काढू नये. कोणतेच यंत्र तिथे कामाचे नाही.

अक्कलकोट रस्ता, परिचारिका

माझा अनुभव मनगटावरच्या घड्याळाचा आहे, कारण 'पट्टा कशाला, घड्याळात हृदयगती दिसतेच की' हा विचार पुष्कळ जण करतात. घड्याळ हिरवा प्रकाश त्वचेत सोडते आणि रक्ताच्या लहरींबरोबर परत येणाऱ्या प्रकाशात होणारा बदल मोजते. खुर्चीत बसलेल्या माणसावर हे चांगले चालते. सायकलवर मनगट हँडलवर वाकलेले असते, पकड घट्ट असते आणि कुंभारीच्या पुढे खराब डांबराचा टप्पा आला की हाताला सतत हादरे बसतात. मी निवांत गुणगुणत चालले असताना घड्याळ 168 दाखवत होते. त्याच वेळी गळ्याजवळच्या नाडीवर बोट ठेवून, घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत 15 सेकंद मोजले आणि चारने गुणले, तर आकडा 120 आला.

त्यानंतर मी कोपराखाली, हाताच्या मांसल भागावर बांधायचा ऑप्टिकल पट्टा घेतला. तत्त्व तेच असले तरी जागा बदलल्याने फरक पडला, कारण तिथे हाड कमी आणि हालचालही कमी असते. छातीचा पट्टा अचूकतेत अजूनही पुढे आहे, हे मान्य आहे. परंतु ड्यूटीवरून थेट सायकलवर बसणाऱ्या बाईला आडोसा शोधून छातीला पट्टा बांधणे दरवेळी शक्य नसते, आणि दुकानदार हा विचार कधीच बोलून दाखवत नाहीत.

धागाकर्ता

ताई, हा मुद्दा निवेदनात यायला हवा होता. आभार. काकांना विनंती की, टीएमटीपूर्वी गोळी चालू ठेवायची की नाही हे प्रत्येकाने स्वतःच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे, असे आपणही आवर्जून सांगावे. चाचणी कशासाठी आहे त्यावर ते अवलंबून असते.

जुन्या शहरातील सायकल दुरुस्तीचे दुकान

माझ्याकडे दोन्ही प्रकारची गिऱ्हाइके येतात, म्हणून थोडक्यात लिहितो. नुसते अंतर आणि वेग पाहिजे असेल तर चाकावरच्या लोहचुंबकाचा साधा मीटर आजही उत्तम आहे. फक्त त्यात चाकाचा घेर नीट भरावा लागतो. व्हॉल्व्ह खाली आणून जमिनीवर खडूने खूण करावी, मालकाला सीटवर बसवून सायकल चाकाच्या एका फेऱ्याएवढी पुढे न्यावी, पुन्हा खूण करून टेपने मोजावे. 700 बाय 25 च्या टायरला साधारण 2105 मिलिमीटर येते. टायर बदलला की आकडाही बदलतो, आणि हे विसरणाऱ्यांच्या पन्नास किलोमीटरवर माझा विश्वास नाही.

माझे मत विचाराल तर दोन्ही यंत्रे नंतर घ्या. ऊस गाळपाच्या दिवसांत पहाटे अंधारात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात आणि कित्येक ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टरसुद्धा नसतो. आधी मागचा लाल दिवा, पुढचा चांगला दिवा आणि अंगात चमकणारे जाकीट घ्या.

विजापूर रस्ता, शर्यतीची तयारी करणाऱ्या मुलाचे वडील

दुकानवाल्या अण्णांचे म्हणणे शंभर टक्के मान्य आहे. आमचा तोडगा असा होता: छातीचा पट्टा घेतला आणि तो मोबाईलच्या ॲपला जोडला. मोबाईल जर्सीच्या मागच्या खिशात, पडदा बंद. मोबाईलमध्ये जीपीएस असतेच, त्यामुळे रस्त्याचा माग आणि हृदयगती एकाच नोंदीत मिळाली आणि प्रशिक्षकांना तेवढेच हवे होते. पट्टा घेताना तो ब्लूटूथ आणि ॲन्ट प्लस या दोन्ही बिनतारी पद्धतींनी चालतो याची खात्री करावी. नुसत्या ॲन्ट प्लसचा पट्टा बहुतेक मोबाईलना जोडता येत नाही.

होटगी रस्ता, दोन्ही यंत्रे वापरणारा

मला उन्हाळ्याबद्दल लिहायचे आहे, कारण हृदयगतीवर चालणाऱ्यांची खरी गोंधळाची जागा तिथे आहे. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो आणि सकाळी आठलाच डांबर तापू लागते. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, त्याच गिअरमध्ये आणि त्याच वेगाने मी पहिला तास 135 च्या आसपास असतो. दुसऱ्या तासाच्या शेवटी तोच आकडा 150 झालेला असतो. पाय काही जास्तीचे करत नसतात. घामावाटे पाणी गेल्याने रक्तातील द्रव कमी होतो, शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, प्रत्येक ठोक्यात बाहेर पडणारे रक्त घटते आणि ती तूट हृदय ठोके वाढवून भरून काढते.

अशा वेळी नुसता पट्टा असणाऱ्याला वाटते की आपली तयारी ढासळली, आणि नुसता जीपीएस असणाऱ्याला काहीच कळत नाही. तो त्याच वेगाने रेटत राहतो. माझ्या मते दुसरी चूक जास्त धोक्याची आहे. आकडा चढू लागला की मी वेग सोडतो आणि सावली दिसली की थांबतो. निघण्यापूर्वी आणि आल्यावर वजन करण्याची सवय लावून घेतली आहे. एक किलो उतरले तर अंदाजे एक लिटर पाणी भरून निघालेले नाही, असा सरळ हिशेब आहे. पाण्यात मीठ-साखर घालतो. उन्हाळ्यातील आकड्यांची तुलना मी डिसेंबरच्या आकड्यांशी करत नाही.

पट्ट्याची निगाही सांगतो. बांधण्यापूर्वी आतल्या रबरी पट्ट्या पाण्याने ओल्या कराव्यात. थंडीच्या दिवसांत कोरडा पट्टा पहिली दहा मिनिटे वाटेल ते आकडे दाखवतो. घरी आल्यावर मधला डबा काढून ठेवावा. ओल्या पट्ट्याला तो तसाच लावून ठेवला तर त्याला वाटते की माणूस अजून आत आहे, आणि बटणासारखा सीआर 2032 सेल विनाकारण उतरतो. कापडी पट्टा साध्या पाण्यात धुवावा, नाहीतर घामाच्या मिठाने टिचबटणे गंजतात.

रेल्वे लाईन्स परिसर, वय 63

टीएमटीबाबतची सूचना योग्य आहे. गोळीचा निर्णय माझ्याही बाबतीत डॉक्टरांनीच घेतला होता. ब्रेव्हे करणाऱ्या ताईंना एक विचारायचे आहे. माझा पुतण्या याच वर्षी 200 ची ब्रेव्हे करणार आहे. त्याच्याकडे पट्टा आणि मोबाईल आहे. त्याला कॉम्प्युटर लागेल का?

बार्शी रस्ता, ब्रेव्हे करणारी सायकलस्वार

काका, पहिल्या 200 साठी लागणार नाही. मार्ग मोबाईलमध्ये उतरवून ठेवावा, वळणांची यादी कागदावर लिहून हँडलजवळ चिकटवावी, पडदा बंद ठेवावा आणि सोबत पॉवर बँक घ्यावी. ब्रेव्हे कार्ड, म्हणजे वाटेतल्या नोंदींचे कार्ड, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायला सांगा, घामाने शाई फुटते. 300 ला नाव देण्याआधी कॉम्प्युटरचा विचार करावा, कारण त्यातले कित्येक तास अंधारात जातात. तोवर माझा जुना पडून आहे. बॅटरी आठ-नऊ तास टिकते, पाहिजे तर वापरून बघू दे.