मुरबाडची जमीन खरंच कोरडी होत चाललीये का?

ठाणेकर_७:
आम्ही ठाण्यात राहतो पण शेती मुरबाडला. भात कापला की त्याच ओलीवर वाल टाकतो, हल्ली ओल लवकर उडते असं काका म्हणतात. पाऊस तर धो धो पडतो मग दुष्काळ कसा? सॅटेलाइटवरून मातीच्या ओलीचा जुना डेटा मिळतो का?

खारघर_गिरीश:
मिळतो ना. युरोपियन स्पेस एजन्सीचा १९७८ पासूनचा आहे, नासाचा स्मॅप (मातीची ओल मोजणारा सॅटेलाइट) २०१५ पासून. पण स्मॅप वरची जेमतेम ५ सेंमी माती बघतो, वालाची मुळं त्याच्या खाली. शिवाय या डेटातला एकेक चौकोन २५-४० किमीचा, त्यात तुमचं शेत, डोंगर, जंगल सगळं एकत्र, खाडीजवळ तर पाणीच मिसळतं, म्हणून ठाणे शहराचे आकडे मी तरी धरत नाही.

शहापूरची_सून:
पावसाचं काय सांगता दादा, आमच्याकडे भातसा, तानसा धरणं आहेत आणि एप्रिल-मेमध्ये पाड्यांवर टँकर येतो!! खाली कातळ, वर वीतभर माती, पाणी उतारावरून निघून जातं. मराठवाड्याची काळी माती ओल धरते तशी ही धरत नाही.

खारघर_गिरीश:
ताई बरोबर. आणि दादा, वर्षाची सरासरी काढू नका, पावसाळा सगळं झाकून टाकतो, नोव्हेंबर ते जानेवारी वेगळं काढा. जुना डेटा बऱ्याच सॅटेलाइटचा जोडून केलाय, त्यामुळे मध्येच उडी दिसली तर लगेच हवामान बदललं म्हणू नका. काकांना विचारून पेरणीच्या तारखा पण लिहून ठेवा.