एकाच क्लबाचे सतरा हंगाम: रॉब बरो यांची निष्ठा म्हणावी की सोय?

वाटाड्या (प्रश्नकर्ता)

हेडिंग्ले हे नाव आपल्याकडे क्रिकेटमुळे घरोघरी पोहोचले. वेंगसरकरांचे १९८६ मधील नाबाद शतक आणि २००२ मधील द्रविड, तेंडुलकर व गांगुली यांची शतके तेथलीच. त्याच आवारात, क्रिकेटच्या मैदानाला पाठ लावून, रग्बी लीगचे मैदान आहे आणि तेथे लीड्स ऱ्हायनोज हा क्लब खेळतो. या क्लबाचे रॉब बरो २००१ ते २०१७ या काळात दुसऱ्या कोणत्याही क्लबाकडून न खेळता ४९२ सामने खेळले. त्यांच्या काळात लीड्सने आठ वेळा सुपर लीग या अव्वल स्पर्धेची ग्रँड फायनल, म्हणजे साखळी व बाद फेरीनंतर विजेता ठरवणारा अंतिम सामना, जिंकली. माझी शंका अशी की, ज्याचा संघ सतत जिंकत असतो त्याला तेथेच राहण्यासाठी निष्ठेची गरज ती काय? जिंकणाऱ्याच्या घरी राहणे ही निव्वळ सोय नव्हे काय? या खेळाचे जाणकार येथे असतील तर त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

गडदनिळा

शंका रास्त आहे, परंतु ती आठ विजेतेपदांच्या यादीवरून आलेली दिसते. कारकिर्दीचा क्रम पाहिला की चित्र बदलते.

बरो यांची उंची सुमारे १६५ सेंटिमीटर होती. ज्या खेळात शंभर किलोंचे गडी धावत येऊन अंगावर आदळतात, तेथे एवढ्या चणीचा खेळाडू स्क्रम-हाफ, म्हणजे चाली रचणारा गडी, म्हणून पहिल्याच हंगामात सुपर लीगचा सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला, हे मुळातच नवल होते. लीड्सला १९७२ नंतरचे पहिले विजेतेपद २००४ मध्ये मिळाले, तेव्हा ते संघात होते. २००७ च्या ग्रँड फायनलमध्ये सामनावीराचा हॅरी संडरलँड करंडकही त्यांनी मिळवला. येथपर्यंत तुमचे 'सोय' हे म्हणणे मान्य करता येईल.

पुढे मात्र त्यांची जागा हलली. ते हूकर म्हणून, आणि पुष्कळदा राखीव खेळाडूंच्या बाकावरून, मैदानात उतरू लागले. रग्बी लीगमध्ये प्रत्येक टॅकलनंतर, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून रोखल्यावर, तो खेळाडू पायाने चेंडू मागे सारतो आणि तो उचलणारा, बहुधा हूकर, पुढची चाल ठरवतो. समोरचे धिप्पाड गडी दमले असताना तेथे बरो यांच्यासारखा चपळ माणूस सोडणे ही प्रशिक्षकांची युक्ती होती. क्लबासाठी ती उत्तमच होती, पण तिशीच्या आत-बाहेर असलेल्या, ब्रिटनकडून खेळलेल्या आणि ७ क्रमांकाची जर्सी अंगावर असलेल्या खेळाडूने बाकावर बसून आपली पाळी येण्याची वाट पाहणे सोपे नसते. सुरुवातीच्या तेरा खेळाडूंत हक्काची जागा देणारे दुसरे क्लब त्यांना सहज मिळाले असते. ते गेले नाहीत. २०११ च्या ग्रँड फायनलमध्ये याच बाकावरून उठून त्यांनी सेंट हेलेन्सविरुद्ध मैदानाच्या मध्यापासून एकट्याने धाव घेत, एका टॅकलखालून वाकून निसटत, केलेला ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण) आजही पुन्हा पुन्हा दाखवला जातो. लीड्स त्या वर्षी साखळीत पाचवे होते. अंतिम सामना ३२-१६ असा जिंकले आणि हॅरी संडरलँड करंडक दुसऱ्यांदा बरो यांच्याकडे आला.

सह्यकडा

गडदनिळा यांच्या प्रतिसादात एका हंगामाची भर घालतो, कारण मूळ प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. २०१५ मध्ये लीड्सने चॅलेंज कप ही बाद पद्धतीची स्पर्धा, साखळीतील अव्वल स्थान आणि ग्रँड फायनल असे तिन्ही मान मिळवले. त्यानंतर कर्णधार केव्हिन सिनफील्ड रग्बी युनियन या रग्बीच्या दुसऱ्या प्रकाराकडे गेले, जेमी पीकॉक व कायली लेउलुआई यांनीही क्लब सोडला, आणि त्याच डिसेंबरच्या पुरात क्लबाच्या कर्कस्टॉल येथील सरावाच्या जागेची नासधूस झाली. २०१६ मध्ये हाच संघ नवव्या स्थानी घसरला आणि त्याला सुपर लीगमधील जागा टिकवण्यासाठी पात्रता फेरी खेळावी लागली. बरो त्या वर्षीही तेथेच होते.

तरीही निष्ठेचे सगळे माप खेळाडूच्या पदरात घालू नये, असे मला वाटते. खेळाडूंच्या एकूण वेतनावर मर्यादा असलेल्या स्पर्धेत क्लबालाही दरवर्षी कोणाला ठेवायचे आणि कोणाला सोडायचे हे ठरवावे लागते, त्यामुळे सतरा हंगामांची सोबत दोन्ही बाजूंनी पुन्हा पुन्हा निवडलेली असते. शिवाय कॅसलफर्ड, वेकफील्ड, फेदरस्टोन हे क्लब लीड्सपासून इतके जवळ आहेत की, घर न बदलता संघ बदलता येतो. कॅसलफर्डमध्ये वाढलेल्या बरो यांना गावचा क्लबही खुणावू शकला असता. योगायोग असा की, २०१७ ची त्यांची अखेरची ग्रँड फायनल त्याच क्लबाविरुद्ध होती. लीड्सने ती २४-६ अशी जिंकली.

पारावरचा

ज्यांना यशाशिवायची निष्ठा तपासायची आहे त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या नेथन हिंडमार्श यांच्याकडे पाहावे. १९९८ ते २०१२ या काळात ते केवळ पॅरामॅटा या क्लबाकडून ३३० सामने खेळले आणि एकही विजेतेपद त्यांच्या वाट्याला आले नाही. २००१ मध्ये साखळीत अव्वल असूनही त्यांचा संघ अंतिम सामन्यात न्यूकॅसलकडून ३०-२४ असा हरला. २००९ मध्ये मेलबर्न स्टॉर्मकडून २३-१६ असा पराभव झाला. पुढच्याच वर्षी वेतनमर्यादा मोडल्याबद्दल मेलबर्नचे ते विजेतेपद काढून घेण्यात आले, पण पॅरामॅटाला काही ते देण्यात आले नाही. हिंडमार्श यांच्या अखेरच्या हंगामात तर संघ तळाला होता. माझ्या मते बरो यांच्यापेक्षा हे उदाहरण अधिक कडक आहे.

वाटाड्या

सर्वांचे आभार. २०१६ चा हंगाम मला ठाऊक नव्हता, त्यामुळे 'सोय' हा शब्द मी मागे घेतो. एक उपप्रश्न राहतो: २०१९ मध्ये बरो यांना मोटर न्यूरॉन हा स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार झाल्याचे निदान झाले आणि जून २०२४ मध्ये, अवघ्या ४१ व्या वर्षी, ते गेले. आज त्यांच्या निष्ठेचा जो गौरव होतो, तो बराचसा त्या सहानुभूतीतून येतो काय?

गडदनिळा

काही अंशी येत असेल. सिनफील्ड यांनी २०२० मध्ये सात दिवसांत सात मॅरेथॉन धावून निधी उभारला आणि २०२३ च्या लीड्स मॅरेथॉनमध्ये बरो यांना खुर्चीतून उचलून अंतिम रेषा ओलांडली. रग्बी लीगचे नावही न ऐकलेल्यांनी हे पाहिले. पण सिनफील्ड स्वतः २०१५ मध्ये क्लब सोडून गेलेले होते आणि २०१७ नंतर हल केआर या दुसऱ्या क्लबाकडे गेलेल्या सहकारी डॅनी मॅग्वायर यांनाही लीड्समध्ये कोणी बेइमान म्हणत नाही. त्यामुळे आजारपणातील मैत्री आणि एका क्लबाची कारकीर्द यांचा हिशेब वेगवेगळा मांडलेला बरा. ४९२ सामने निदानाच्या दोन वर्षे आधीच पूर्ण झाले होते.