सुट्टीत ताई आणि बाळ येणार, त्याबद्दल

वहिनी, रात्री ९:१२
काकूंनी टाकलेला शनिवारचा बेत वाचला. सहा ते आठ सगळ्यांनी मिळून फोटो, मग बाळ एकेकाकडे. आत्ताच सांगून ठेवते, बाळ पाच आठवड्यांचं आहे. संध्याकाळी ते सगळ्यात जास्त कुरकुरतं आणि तासाभरात दोनदा प्यायला मागतं. या वयात तसंच असतं, आजार नाही तो. पण नेमकं तेव्हा ते या हातातून त्या हातात गेलं की पाजायची वेळ टळते, मग ते रडून इतकं दमतं की तोंड लावूनही ओढत नाही. ताईचे स्तन दगडासारखे होतात ते वेगळंच. फोटो सकाळी काढा. पिऊन झालं, लंगोट बदलला की ते थोडा वेळ शांत जागं असतं. त्या पंधरा-वीस मिनिटांत उरका.

धाकटी काकू, ९:१५
बेत कसला गं, नुसतं सुचवलं होतं. सगळे एकत्र तेव्हाच असतात म्हणून. असो 🙏

मोठी आत्या, ९:१७
घरच्या माणसांनी बाळ घ्यायचं नाही का आता?

वहिनी, ९:२१
घ्यायचं ना आत्या. मी फक्त कसं ते म्हणते आहे. बाहेरून आलात की साबणाने वीस सेकंद हात, अंगठ्या काढून, नखांखालीसुद्धा. तोंडाचा, हातांचा पापा कोणीच नाही, कारण ती मूठ पुढच्या मिनिटाला तोंडात जाते. ओठावर तापाच्या पुटकुळ्या आल्या असतील तर बाळापासून लांबच. तो हर्पिसचा विषाणू, मोठ्यांना चार दिवस चुरचुर, एवढ्या लहान बाळाच्या थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतो. खोकला असेल तर मास्क नको, येऊच नका खोलीत. डांग्या खोकल्यात मोठी माणसं नुसती खोकत हिंडतात, बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो. त्यावरची त्याची पहिली लस अजून व्हायची आहे.

नाना, ९:२२
खालची खोली कोणाला? पोरीला जिना चढवायचा नाही.

छोटू, ९:२३
मला दोन दिवसांपासून शिंका येताहेत. म्हणजे मला सगळ्या कामांतून सुट्टी ना?

दादा, ९:२४
बाळाच्या खोलीतून सुट्टी. भांडी बाहेरच आहेत.

मोठी आत्या, ९:२६
मुलं आम्हीही वाढवली आहेत, एवढंच म्हणते.

आई, ९:२७
कोणी कोणाला शिकवत नाहीये. हात धुवायचे, पापा घ्यायचा नाही, ठरलं. आता दूध ठेवायचं बघा. फ्रिजमध्ये जागा नाही.

वहिनी, ९:३३
मधल्या फळीवर, अगदी मागे. दारात ठेवायचं नाही, दार उघडलं की तिथलाच गारवा आधी जातो. एका पिशवीत ६० ते १२० मिली, त्याहून जास्त नको, उरलं तर ओतावं लागतं. पिशवीवर तारीख आणि वेळ. काढलेलं दूध बाहेर ४ तास, तेही खोली २५ अंशांच्या आत असेल तर. फ्रिजमध्ये ४ दिवस. गोठवलेलं फ्रिजमध्ये विरघळवलं की पूर्ण पातळ झाल्यापासून २४ तासांत संपवायचं, परत गोठवायचं नाही. बाटलीला बाळाचं तोंड लागलं की त्यातलं उरलेलं फार तर २ तास.
गरम करताना वाडग्यात कोमट पाणी, त्यात बाटली. मायक्रोवेव्ह नाही म्हणजे नाही. बाटली बाहेरून गार लागते आणि आत मधोमध चटका बसेल इतकं तापलेलं असतं. वर साय आल्यासारखं दिसलं तर नासलं समजून ओतू नका, हलकेच गोल फिरवलं की मिसळतं.

धाकटी काकू, ९:३५
फ्रिजच्या बटणाला कोणी हात लावायचा नाही एवढं मात्र नक्की ठरवा. मागच्या सुट्टीत काय झालं ते माहीत आहे सगळ्यांना.

मोठी आत्या, ९:३६
ते बटण मी बंद केलं नव्हतं. पुन्हा पुन्हा सांगायची वेळ आणू नका.

धाकटी काकू, ९:३६
मी कुठे तुमचं नाव घेतलं?

नाना, ९:३८
खालची खोली कोणाला? पोरीला जिना चढवायचा नाही.

दादा, ९:३९
फ्रिजच्या बटणावर चिकटपट्टी लावतो. विषय संपला.
दाजी, गाडीतल्या बाळाच्या सीटचं काय केलंत?

दाजी, ९:४६
मागे बसवली आहे, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. पुढच्या सीटवर एअरबॅग असते, तिथे उलटी सीट कधीच ठेवायची नाही. पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवली तर एक इंचाहून कमी हलते. खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्याच्या बरोबरीच्या किंवा किंचित खालच्या खाचांतून घेतले आहेत. खांद्यावर पट्ट्याची चिमटीत घडी धरता आली तर तो सैल. निघताना जाड दुपटं किंवा स्वेटर घालून पट्टा लावायचा नाही. कापड धक्क्यात दबतं आणि पट्टा आपोआप ढिला होतो. आधी पट्टा, मग वरून पांघरूण.

दादा, ९:४८
चार तासांचा रस्ता आहे. मध्ये कितीदा थांबणार?

दाजी, ९:५०
दर दीड तासाला, उशिरात उशिरा दोन. बाळाला बाहेर काढून आडवं करायचं, पाजायचं. अर्धवट बसल्या स्थितीत मान पुढे पडली की त्याची श्वासनलिका दबते. म्हणून घरी पोचल्यावर झोपलंय म्हणून सीटसकट आणून ठेवू, असं कोणी म्हणू नका, कितीही गाढ झोपलं असलं तरी. हिच्यासाठीही थांबायलाच हवं. बाळंतपणानंतरचे काही आठवडे पायात गाठ धरायचा धोका जास्त असतो, दर वेळी पाच मिनिटं चालवणार आहे. पोटावरच्या पट्ट्याखाली टॉवेलची घडी, पण पट्टा टाक्यांच्या खाली, मांड्यांच्या वरच्या हाडावर.

काका, ९:५२
एकदम व्यवस्थित. मी येताना वाटेत भेटू का तुम्हाला?

धाकटी काकू, ९:५२
अहो तुम्ही घरीच आहात. ते इकडे येताहेत.

छोटू, ९:५३
काका शनिवारी वाटेत, ताई घरी. एक खोली मोकळी झाली, नाना!

नाना, ९:५४
मी खोलीचं विचारतो आहे, चेष्टा नाही.

वहिनी, ९:५९
छोटू, भांडी तुझ्याकडे आली आहेत तर नीट वाच. पंपाचे आणि बाटलीचे सगळे भाग सुटे करायचे. बूच, रिंग, निपल, बाटली. पंपाचं फनेल, त्याच्या खालची चोचीसारखी रबरी झडप आणि पातळ पडदा. बेसिनमध्ये थेट टाकायचे नाहीत, जेवणाच्या भांड्यांचा घासण्याचा तुकडा वापरायचा नाही. त्यासाठी वेगळं घमेलं आणि वेगळा ब्रश. आधी गार पाण्याखाली धर, गरम पाण्याने दुधाचा थर घट्ट बसतो. मग गरम पाणी आणि साबण. दिवसातून एकदा सगळे भाग पूर्ण बुडतील एवढ्या पाण्यात ५ मिनिटं उकळ. फडक्याने पुसायचं नाही, स्वच्छ पंचावर उपडे घालून वाळू दे. पूर्ण कोरडे झाल्याशिवाय जोडायचे नाहीत, ओल राहिली की रिंगच्या आट्यांत बुरशी धरते.
झडपेत बोट घालू नकोस. ती जरा चिरली तरी पंपाची ओढ कमी होते, मग दूधच आटलं असं वाटायला लागतं आणि घरभर घबराट. मोटर आणि हवेची नळी पाण्यात घालायची नाही.

छोटू, १०:०२
सात भाग लिहून घेतले. एखादा जास्तीचा उरला तर ग्रुपवर फोटो टाकेन.

वहिनी, १०:०३
जास्तीचा उरला तर काही नाही. एखादा हरवला तर टाक.

मोठी आत्या, १०:०५
उकाडा आहे. बाळाला मधूनमधून चमचाभर पाणी देत जा, घसा सुकतो.

ताई, १०:०९
आत्या, सहा महिने पाणी नाही, थेंबही नाही. त्याचं इवलंसं पोट पाण्याने भरलं की दूध कमी जातं आणि रक्तातलं मीठ पातळ होतं, त्याने झटकेही येऊ शकतात. उकाड्यात जास्त वेळा पाजेन. मध तर वर्षभर नाही. आणि हातपाय गार लागले म्हणून पांघरूण घालू नका प्लीज, लहान बाळांचे हातपाय गारच असतात. मानेच्या मागे हात लावून बघा, तिथे घाम असेल तर एक कपडा कमी करायचा.

मोठी आत्या, १०:१०
बरं.

आई, १०:१२
झोपायचं कुठे त्याने? आपला पाळणा काढू का माळ्यावरून?

वहिनी, १०:१७
तो नको, त्याच्या दांड्यांत खूप अंतर आहे आणि गादी मध्ये खचली आहे. दाजी त्यांची घडीची कॉट आणतील. कडक, सपाट गादी, एक घट्ट बसणारी चादर, बाकी काही नाही. उशी, लोड, मऊ खेळणी, कडेच्या गाद्या, काहीच नाही. पाठीवरच झोपवायचं. कॉट ताईच्याच खोलीत.
आणि हे सगळ्यांना, विशेषतः दुपारी जेवून बाळ मांडीवर घेणाऱ्यांना. सोफ्यावर बाळ छातीशी घेऊन डुलकी काढायची नाही. गादीपेक्षा सोफा धोक्याचा, बाळ आपल्या आणि पाठीच्या उशीच्या फटीत घसरतं आणि नाक दबतं, आवाजही येत नाही. डोळे जड व्हायला लागले की बाळ दुसऱ्याकडे द्या किंवा कॉटमध्ये ठेवा.

काका, १०:१९
हे माझ्यासाठी आहे कळलं. घेणार नाही दुपारी.

धाकटी काकू, १०:१९
आणि सिगरेट?

काका, १०:२०
अंगणात ओढतो मी, घरात नाही.

वहिनी, १०:२३
काका, अंगणात ओढली तरी शर्टात, केसांत आणि हातांवर राहतेच. तसा शर्ट बाळाच्या नाकाशी आला तर काय उपयोग? ओढल्यावर शर्ट बदला, हात-तोंड धुवा, मग थोड्या वेळाने घ्या. चार दिवस सोडलीत तर सगळ्यात उत्तम.

नाना, १०:२४
खालची खोली कोणाला? पोरीला जिना चढवायचा नाही.

धाकटी काकू, १०:२६
नाना कोणाला विचारताहेत ते सगळ्यांना कळलंय. ज्यांना कळायला हवं ते सोडून.

मोठी आत्या, १०:२९
सरळ बोला ना. माझे गुडघे जिना चढण्यासारखे आहेत का? हौस म्हणून नाही घेत मी खालची खोली.

दादा, १०:३०
आत्या, तुला कोणीच वर पाठवत नाहीये.

दाजी, १०:३३
आमच्यामुळे कोणाला त्रास नको. ही सावकाश चढेल.

वहिनी, १०:३६
चढेल, पण दिवसातून किती वेळा? सिझेरियनला पाच आठवडे झालेत. बाळाच्या वजनापेक्षा जड काही उचलायचं नाही अजून. जेवायला खाली, पाजायला वर, बाळ हातात घेऊन. रात्री अर्धवट झोपेत पायरी चुकली तर दोघंही पडतील. नाना बरोबर विचारताहेत.

आई, १०:४०
खाली दोन खोल्या आहेत हे सगळे विसरलात. मागची पण आहे.

छोटू, १०:४१
ओहो.

काका, १०:४२
तिथे आम्ही असतो.

आई, १०:४३
हो. तुम्हा दोघांचे गुडघे चांगले आहेत, देवाची कृपा.

धाकटी काकू, १०:४५
आम्ही वर जायला तयार आहोत, आधी विचारलं असतंत तरी गेलो असतो. पण ताईला मागची देऊ नका. मागच्या दाराशी हे सिगरेट ओढतात, खोलीतल्या पडद्यांना, गादीला वास आहे. बाळाला तिथे नको.

वहिनी, १०:४७
अगदी बरोबर काकू. ताई पुढच्या खोलीत, आत्या मागच्या. बाथरूम दोन्हींना सारखंच जवळ आहे आणि आत्यांना एकही पायरी नाही.

मोठी आत्या, १०:५०
पोरीसाठी मी कुठेही झोपेन. नीट विचारलं असतं तर पहिल्यांदाच सांगितलं असतं.

नाना, १०:५१
ठीक.

ताई, १०:५८
थँक्यू आत्या, काकू. पुढच्या खोलीत एवढं करून ठेवाल? पलंगाशेजारी प्लग हवा, पंपाची वायर आखूड आहे. हाताला टेकू असलेली एक खुर्ची, सोफा नको, त्यातून टाके ओढल्याशिवाय उठता येत नाही. रात्रीसाठी पिवळा मंद दिवा. हाताला लागेल तिथे पाण्याची बाटली.
आणि खरं सांगू का, बाळाला धरायला कोणी नसलं तरी चालेल. मला दुपारी दीड तास कोणी दार न वाजवता झोपू दिलं आणि लंगोट धुऊन वाळत घातले तर मी चार दिवस मजेत राहीन. शी असलेले आधी गार पाण्यात खळबळून मग मशीनला, नाही तर डाग पक्के होतात.

मोठी आत्या, ११:०१
लंगोट माझ्याकडे. बसून करायचं काम आहे.

वहिनी, ११:०६
थर्मामीटर मी आणते आहे. ताप १००.४ किंवा त्याहून वर गेला तर औषध घरी द्यायचं नाही, रात्र असली तरी थेट डॉक्टर. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला सकाळपर्यंत थांबवत नाहीत. ताईचंही तसंच. तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, खूप डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, एका पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत दुखलं किंवा धाप लागली तर पाहुणे बसलेत म्हणून थांबायचं नाही. दादा, गाडी बाहेर काढता येईल अशीच लावायची, सगळ्यांच्या मागे अडकवू नका.

दादा, ११:०८
दाजींची गाडी फाटकाशी. बाकीच्या आत.

काका, ११:१०
उद्या सकाळी आमचं सामान वर नेतो.

मोठी आत्या, ११:११
पडदे धुतल्याशिवाय मी त्या खोलीत पाऊल टाकणार नाही.

काका, ११:१२
पडदे, चादरी, उशांचे अभ्रे, सगळं सकाळी मशीनला लावतो. गादी दिवसभर उन्हात टाकतो.