बारावीनंतर क्रीडा विज्ञानाची पदवी : भरतीच्या मुलखात कामाची की नुसता कागद?

मैदानवाला :
विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या मैदानावर पहाटे भरतीची पोरं दिसतात. पोलीस भरतीत मैदानी चाचणीचे 50 गुण : मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 (20 गुण), शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक (15-15). शिकवणारा बहुधा थोडक्यात हुकलेला एखादा दादा. मेहनतीत तो कुठं कमी पडत नाही. पोराची वेळ सुधारायची का थांबली, हे मात्र त्याला सांगता येत नाही. म्हणून ज्याला मैदान सोडवत नाही आणि बारावीला जीवशास्त्र आहे, त्यानं क्रीडा व व्यायाम विज्ञान शिकावं, असं माझं मत.

हिशेबी :
आणि पोटाचं काय? शाळेत शारीरिक शिक्षक व्हायला बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) लागतं, तेही पदवीनंतर 2 वर्षं. दुखापतीवर उपचार करायचे तर बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी), त्याला नीटची प्रवेश परीक्षा. प्रशिक्षक व्हायचं तर पतियाळाच्या एनआयएसची (राष्ट्रीय क्रीडा संस्था) पदविका. या तिन्ही दारांत क्रीडा विज्ञानाचा कागद एकटा चालत नाही. शेती विकून फी भरणाऱ्या बापाला हे आधी सांगा. बीपीएडच करायचं तर अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे, दूर कशाला जाता?

मैदानवाला :
दारांबद्दल तुमचं खरं आहे. पण पदवी काय शिकवते ते बघा. 1600 ला पूर्ण गुण हवे असतील तर 5 मिनिटं 10 सेकंद, म्हणजे 400 च्या फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद. पोरं पहिली फेरी 65 मध्ये मारतात आणि तिसरीत पाय दगड होतात. पाच मिनिटांच्या धावेत बहुतांश ऊर्जा ऑक्सिजनवरच येते, म्हणून रोज जीव तोडून 1600 मारणं चुकीचं. आठवड्यात एक-दोन दिवस 400 च्या सहा फेऱ्या 78-80 सेकंदांनी, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. बाकी दिवस बोलता येईल इतकी हळू धाव.

आणि मैदान आधी मोजा. गावातली 200 मीटरची फेरी मोटरसायकलच्या मीटरवर आखलेली असते. फेरी 5 मीटर कमी भरली तर आठ फेऱ्यांत 40 मीटर गेले, म्हणजे जवळपास 8 सेकंद. गावात 5:10 मारणारा भरतीत 5:18 वर येतो आणि दोष नशिबाला देतो. बरोबर आखणी : दोन सरळ बाजू 50-50 मीटर, चुन्याच्या आतल्या रेषेची त्रिज्या 15.72 मीटर, माप त्या रेषेच्या 20 सेंटीमीटर बाहेरून.

वऱ्हाडी_गडी :
हे तर कोणताबी भरतीवाला दादा दोन वर्षांत शिकून जाते! त्याच्यासाठी तीन वर्षं कॉलेजात काहून घालवाची? टेप अन् स्टॉपवॉच असलं का झालं. प्रयोगशाळेतल्या त्या महागड्या मशिनी गावात येणार हायेत का?

मैदानवाला :
मशीन नको. 12 मिनिटांत किती मीटर धावला त्यातून 504.9 वजा करा, 44.73 नं भागा. ऑक्सिजन वापरण्याच्या क्षमतेचा बरा अंदाज मिळतो. 2400 मीटर म्हणजे साधारण 42 (मिनिटाला, वजनाच्या दर किलोमागे इतके मिलिलिटर ऑक्सिजन).

आरोग्य_ताई :
भाऊ, टेप-स्टॉपवॉच ठीक, पण सिकलसेलचं, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, काय करता? गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया भागात वाहक मुलं बरीच आहेत. वाहक एरवी ठणठणीत दिसतो. पण उन्हाळ्यात, पाणी न पिता, विश्रांती न देता एकामागून एक जोरात धावा लावल्या की त्याच्या लाल पेशी विळ्यासारख्या होऊन स्नायू मरायला लागतात, क्वचित जीवही जातो. लक्षण फसवं : पायात गोळा आल्यासारखं कडक होत नाही, पोरगं ढिलं होऊन बसतं. दादा ओरडतो, "नाटक करतो का बे?" नेमकं तिथंच थांबवायला हवं. सराव सुरू करण्याआधी आरोग्य केंद्रात सॉल्युबिलिटी चाचणी (सिकलसेलसाठी रक्ताची प्राथमिक तपासणी), सकारात्मक आली तर पुढची खातरजमा. वाहकाला धावायला मनाई नाही. भार हळू वाढवायचा, फेऱ्यांमध्ये विश्रांती जास्त.

नडगीचंही तसंच. लांब पट्ट्यात दुखलं तर भार कमी करून भागतं. बोटभर जागीच दुखत असेल तर हाडाला चीर असू शकते, आणि सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रे साफ येतो. "एक्स-रेत काही नाही" ऐकून पोरगं परत डांबरी रस्त्यावर.

हिशेबी :
सिकलसेलचा मुद्दा मान्य, तो प्रत्येक अकॅडमीच्या दारावर लावावा. पण हे सगळं पदवीत खरंच शिकवतात का? कितीतरी ठिकाणी शरीरक्रियाशास्त्राचं प्रात्यक्षिक म्हणजे परीक्षेच्या आधी जर्नल उतरवणं. प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जाऊन विचारा : आठवड्याला प्रात्यक्षिकाचे तास किती, नाडी अन् रक्तदाब विद्यार्थी स्वतः मोजतात का, शेवटच्या वर्षी कुठल्या संघाकडे पाठवतात. उत्तरं गोलमोल आली तर बीएस्सी साधी करा आणि मग बीपीएड.

वऱ्हाडी_गडी :
हे बरोबर बोलले. पण ताई, ते सॉल्युबिलिटी चाचणी ग्रामीण रुग्णालयात कोणत्या दिवशी होते, आमच्याकडचे पोट्टे सोमवारी पाठवतो.