मावसभाऊ २३ व्या वर्षी गेला, मावशीशी काय बोलू?

नवापूरवाला:
सगळ्यांना जय ख्रिस्त. पावसाळ्यात माझा मावसभाऊ गेला, कोंडाईबारी घाटात बाईकचा अपघात. पोलीस भरतीची तयारी करत होता, पहाटे साडेचारचा अलार्म अजून त्याच्या मोबाईलवर वाजतो आणि मावशी तो कोणाला बंद करू देत नाही. संडे स्कूलला शिकवायचा पोरगा. आता चर्चच्या मंडळीतले येतात अन् म्हणतात चांगली माणसं देवाला लवकर लागतात, एक काका तर म्हणे घरात प्रार्थना कमी पडली असेल. मावशी चर्चला जायची बंद झालीये. म्हणते, त्याला माझंच पोरगं सापडलं का? देवावर असं चिडणं पाप आहे का?

भुसावळ_जंक्शन:
भो, त्या काकांना आधी बायबलमधला योहान ९ वाचायला द्या. जन्मांध माणूस बघून शिष्यांनी हेच विचारलं, पाप कोणाचं, याचं का आईबापाचं, तर येशू म्हणाला कोणाचंच नाही. पंडिता रमाबाईंची प्रार्थना कमी पडली होती का मग? त्यांची एकुलती मनोरमा १९२१ ला त्यांच्या आधी गेली. आणि भाऊ लाजर मेला तेव्हा मार्था तर येशूला तोंडावर बोलली, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. तो रागावला नाही, लाजराला मेलेल्यातून उठवणार हे माहीत असूनही रडला.

धुळेकर७:
ते बरोबर, पण प्रेषित पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला पत्रात लिहितो की आशा नसलेल्यांसारखं दुःख करू नका. पुनरुत्थानाचं सांगायचंच नाही का मग? आपल्या विश्वासाची साक्ष काय राहिली?

चोपड्याची_ताई:
दादा, माझी मुलगी अकरावीत असताना डेंग्यूने गेली. आशा मलाही आहे, कबरीवर क्रूस उगाच नाही लावला. पण पहिल्या महिन्यात जो तो वचन घेऊन यायचा, मी चहा करायची अन् वर मान डोलवून त्यांचंच समाधान करायची. बायबलमधल्या ईयोबाची सगळी पोरं गेली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर बरे होते, बोलायला लागले तिथेच बिघडलं, शेवटी देवच त्यांच्यावर संतापला. मला टिकवलं ते स्तोत्र ८८ ने, ते अंधारातच संपतं, म्हणून चर्चमध्ये कोणी वाचत नाही बहुतेक.
नवापूरवाले, तुम्ही नुसते जाऊन बसा. त्याचं नाव घ्या, लोक नावच घ्यायचं सोडतात. चर्चला चल म्हणू नका, पाळकसाहेबांना घरी बोलवा, काकांना वगळून 😐

नवापूरवाला:
थँक्यू ताई. अजून एक, नाताळात आमची कॅरल पार्टी घरोघरी जाते, गिटार तोच वाजवायचा. तिच्या दारात जायचं का नाही?

चोपड्याची_ताई:
आधी तिलाच विचारा. नको म्हणाली तर तिच्या गल्लीत गिटार वाजवू नका, पोरांना पुढे पाठवा अन् तुम्ही एकटे आत जा.